थोरल्या बाईसाहेबांचं पुढे काय झालं

कादंबरी वाचून झाली की आत्या ती लगेच परत करू द्यायची नाही. एक दिवस उशाशी ठेवायची. "थांब गं, अजून माझं तिच्याशी बोलणं व्हायचंय," म्हणायची. तिच्याशी म्हणजे कादंबरीतल्या राणीशी.

ही पंचाहत्तर-शहात्तर सालची गोष्ट. आम्ही तेव्हा नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका चाळीत दोन खोल्यांत राहायचो. वडील, रंगनाथ, कचेरीत कारकून. आई, लताबाई, प्राथमिक शाळेत शिकवायची. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण, चंद्रभागा. सायखेड्याच्या गोरक्ष नावाच्या शेतकऱ्याला तिला दिलेली होती. बारा वर्षं नांदली. मूल झालं नाही. मग एका उन्हाळ्यात सासूनं तिला माहेरी चार दिवस राहून ये म्हणून एसटीत बसवून दिलं, आणि ती इकडे असताना तिकडे गोरक्षनं दुसरं लग्न लावून घेतलं. न्यायला कुणी आलं नाही. वडील भांडायला निघाले होते, आत्यानंच त्यांना दारात अडवलं. "भांडून नेलेल्या बाईला कुणी नीट वाढत नाही रे," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून ती आमच्याकडे. पोलकी शिवायची, साड्यांना फॉल लावायची. दुपारी मशीन थांबलं की वाचायची. आईनं मेन रोडच्या बोळातल्या एका वाचनालयाची वर्गणी भरली होती, पण शाळा आणि घर सांभाळून तिला वाचायला होईना. मग पुस्तकं बदलून आणायचं काम माझ्याकडे आलं आणि वाचायचं आत्याकडे. आत्याची शाळा चौथीतच सुटलेली. सुरुवातीला ओठ हलवत, अक्षराखाली बोट धरून वाचायची. वर्षभरात बोट सुटलं, मग ओठही हलायचे थांबले.

तिला ऐतिहासिक कादंबऱ्याच लागायच्या, त्याही बायकांवरच्या. राण्या, सरदारांच्या बायका, किल्लेदारांच्या सुना. वाचून झालं की मी शाळेतून आल्यावर ताटलीत काहीतरी खायला द्यायची आणि सांगायला बसायची. तिचं सांगणं म्हणजे गोष्ट नव्हे. गोष्ट ती दोन वाक्यांत उरकायची. पुढचं सगळं तिचं स्वतःचं.

एकदा एका राणीवरची जाडजूड कादंबरी तिनं वाचली. नवरा लढाईत पडला आणि राणीनं राज्य सांभाळलं, अशी. मला वाटलं, आवडली असेल. आत्या म्हणाली, "बाई चांगली आहे. पण लिहिणाऱ्यानं तिला रडायला वेळच दिला नाही गं. निरोप आला, दोन ओळींत डोळे पुसले आणि बसवली घोड्यावर. घोड्यावर बसून ती रडली असेल की नाही? वारा लागला की डोळ्यांतलं पाणी कानाकडे जातं. तेवढं तरी लिहायचं."

दुसऱ्या एका कादंबरीत शत्रूच्या हाती लागू नये म्हणून किल्लेदाराच्या बायकोनं तटावरून उडी घेतली होती. शेवटच्या पानावर पोवाडा होता, सगळ्यांनी धन्य धन्य म्हटलं होतं. आत्या मागची पानं उलटून काहीतरी शोधत होती. मी विचारलं तर म्हणाली, "हिचं तान्हं पाळण्यात होतं. तिसऱ्या प्रकरणात आहे बघ. त्याला पुढे कुणी पाजलं, तेच सापडत नाहीये."

पण तिचं खरं बिनसलं ते एका सरदाराच्या धाकट्या बायकोवरच्या कादंबरीनं. धाकटी देखणी, हुशार, गाणारी. सरदाराचा तिच्यावर फार जीव. त्यांच्या प्रेमावर चारशे पानं. आत्यानं ती दोन दिवसांत संपवली आणि माझ्यापुढे टाकली.

"हे वाच," म्हणाली. बोट ठेवलं होतं त्या ओळीत लिहिलं होतं, "थोरल्या बाईसाहेब आपल्या महालात असत."

"मग?" मी म्हटलं.

"असत म्हणजे काय? काय करत असत? सकाळी उठून कुणाचं तोंड पाहत असत? धाकटीची पालखी वाड्यात आली तेव्हा सनई वाजली ना, ती त्यांच्या महालापर्यंत ऐकू गेली असेल. तेव्हा त्या काय करत होत्या, हे कुणी विचारायचं?" मग म्हणाली, "शेवटी एका ओळीत आहे, त्या वारल्या म्हणून. तीसुद्धा अर्धीच ओळ. उरलेल्या अर्ध्या ओळीत पाऊस आहे."

ते पुस्तक मात्र तिनं उशाशी ठेवलं नाही. त्याच संध्याकाळी परत करायला लावलं.

सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात एक दिवस गोरक्ष आमच्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. उंच, उन्हानं रापलेला माणूस, टोपी हातात धरलेली. त्याची दुसरी बायको कुसाबाई सरकारी दवाखान्यात होती. गर्भपिशवीत गाठ होती, अंगावरून फार जात होतं. शेतात कांदा काढायला आलेला, त्यामुळे त्याला गावी जाणं भाग होतं. दवाखान्यात त्याची म्हातारी मावशी बसणार होती.

"जेवणाच्या डब्याची सोय होईल का, एवढंच विचारायचं होतं," तो वडिलांना म्हणाला.

वडिलांचा चेहरा लाल झाला. "लाज कशी वाटत नाही तुम्हाला? कुणाच्या दारात कुणासाठी डबा मागताय?"

आतून मशीनचा आवाज थांबला. आत्या बाहेर आली नाही. पडद्याआडूनच म्हणाली, "रंगनाथ, होईल म्हणावं. तिखट चालतं का ते विचार."

डबा न्यायला सुरुवातीला मी एकटीच जायची. सुट्टी होती. कुसाबाई तिशीच्या आतली, पण अंगात काही उरलं नव्हतं. पोळीचा तुकडा आमटीत बुडवून चघळायची आणि म्हणायची, "हात चांगला हाय तुमच्या आत्याचा." चार दिवसांनी तिनं विचारलं, "त्या येत नाय का कधी?" मी घरी येऊन सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी डबा उचलला तर ती पदर खोचून माझ्याआधी चपला घालत होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुसाबाई उठायला लागली तशी आत्यानं तिच्या खांद्याला हात लावून तिला झोपवलं. मग आत्यानं पिशवीतली कादंबरी काढली, ती बसून वाचायला घेऊन आलेली. कुसाबाई पाहत राहिली.

"काय हाय त्यात?"

"राणीची गोष्ट."

"मोठ्यानं वाचा ना बाई. मला येत नाय वाचाया."

आत्यानं वाचलं. कुसाबाई डोळे मिटून ऐकत होती, मधूनच "लय भारी" म्हणत होती. शेजारच्या खाटेवरची बाईही कुशीवर वळली. निघताना कुसाबाई म्हणाली, "उद्या येनार ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या स्वतः वाचनालयात गेली. आयुष्यात पहिल्यांदाच. आणि तीच कादंबरी मागून आणली, सरदाराच्या धाकट्या बायकोची. मला आश्चर्य वाटलं, पण विचारायचा धीर झाला नाही.

रोज दुपारी वाचन सुरू झालं. मी पायाशी स्टुलावर बसायची. धाकटीचं लग्न झालं, पालखी आली, सनई वाजली. आणि मग माझ्या लक्षात आलं की आत्या वाचते आहे पण पान उलटत नाही. तिची नजर ओळीवरून सरकत होती, पण ती जे बोलत होती ते त्या पुस्तकात कुठेच नव्हतं. थोरल्या बाईसाहेब माहेरी गेल्या होत्या, ती वाचत होती. चार दिवसांसाठी म्हणून गेल्या होत्या, दोनच लुगडी बरोबर होती. रोज संध्याकाळी त्या भावाच्या दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत. मग त्यांच्या कानावर आलं की आपल्या घरी तोरण लागलंय. त्या दिवशी त्यांनी भावाच्या घरातले दाणे पाखडले. पाखडलेले पुन्हा पाखडले. भावजय म्हणाली, अहो किती पाखडाल, आता खडा उरला नाही त्यात.

भावजय म्हणजे माझी आई. मी मान खाली घातली.

कुसाबाईनं डोळे उघडले होते. ती आत्याकडे बघत होती. "हे समदं पुस्तकात हाय?" तिनं हळूच विचारलं.

"आहे," आत्या म्हणाली.

कुसाबाई वर छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आन धाकटीचं? तिला ठावं होतं का, थोरली हाय म्हणून? ते लिव्हलंय का?"

आत्यानं पुस्तक मिटलं.

"मला नव्हतं ठावं," कुसाबाई म्हणाली. "मी सोळाची होते. बापानं सांगितलं, बिजवर हाय, पयली वारली. लगीन लागून घरात आले. स्वयंपाकघरात येक मोठा हंडा व्हता तांब्याचा. त्येच्यावर कायतरी कोरलेलं. मला वाटायचं नक्षी हाय. मी रोज चिंच लावून घासायचे त्यो, नक्षी चकचकीत दिसावी म्हणून. मंग यशोदा शाळंत जाया लागली. येक दिस हंड्यापाशी बसली आन येकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं तिनं. चंद्रभागा. मी म्हनलं, ही कोन? तर सासू म्हनली, हाय येक नाशकाला." तिनं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "तवापासून मी त्यो हंडा घासला नाय बाई. माळ्यावर टाकला."

आत्या उठली. मला वाटलं, निघाली. पण तिनं उशाशी असलेली तेलाची बाटली घेतली, कुसाबाईचं डोकं आपल्या मांडीवर ओढलं आणि गुंता सोडवायला बसली. बराच वेळ ती फक्त केस विंचरत होती.

त्यानंतर पुस्तक पिशवीतच राहायचं. दोघी बोलायच्या. काय बोलायच्या ते मला पुरतं कधी कळलं नाही, कारण आत्या मला काहीतरी आणायला पिटाळायची. एवढंच आठवतं की कुसाबाई सारखी यशोदाचं नाव घ्यायची. यशोदा तिची एकुलती एक लेक, नऊ वर्षांची. तिला शाळेतून काढू नका, असं ती येईल त्याला सांगायची, डॉक्टरांनासुद्धा सांगायची.

पावसाळ्याच्या तोंडाशी डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. गोरक्ष बैलगाडीऐवजी गावातल्या एकाची जीप घेऊन आला. महिन्याभरात निरोप आला, कुसाबाई गेली.

तेरावं झाल्यावर गोरक्ष दोन गावकऱ्यांना घेऊन आमच्याकडे आला. "झालं गेलं गंगेला मिळालं," त्यांतला एक म्हातारा म्हणाला. "सासूबी मागंच गेली, घर उघडं पडलंय. पोर लहान हाय. थोरलीनं आता आपल्या घरी यावं."

आत्यानं विचारलं, "पोरीला इथे पाठवाल का? मी तिला शाळेत घालते."

"माझी पोर दुसऱ्याच्या दारात वाढणार नाय," गोरक्ष म्हणाला. "यायचं तर तुम्ही या."

ते गेल्यावर घरात मोठं भांडण झालं. वडील म्हणाले, "अक्का, ज्या घरानं तुला उंबऱ्याबाहेर काढलं, तिथे पुन्हा भाकरी थापायला जाणार?"

"घरात नाही जात रे मी," आत्या म्हणाली. "पोरीकडे जाते."

आईनं तिची ट्रंक भरून दिली. शिवणाचं मशीन तिनं नेलं नाही. वाचनालयाचं पुस्तक परत करायला मला आठवण केली.

तिथे काय होणार होतं, याची आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती. सायखेड्यात तोवर कुजबुज पसरलेली होती की टाकलेल्या बाईचा तळतळाट कुसाबाईला बाधला. डब्यातून काहीतरी घातलं, असंही कुणी म्हणालं. आणि ते यशोदाच्या कानात भरायला गोरक्षची बहीण होती, निफाडला दिलेली, दर पंधरा दिवसांनी येणारी. यशोदानं आत्याला कधी आई म्हटलं नाही, मावशीही म्हटलं नाही. हाक मारायची वेळ आली की ती समोर येऊन उभी राहायची. ती शाळेत जायची, अभ्यास करायची, आत्यानं केलेलं जेवायची. पण पहिला घास आधी कुत्र्याला टाकायची आणि त्याच्याकडे बघत बसायची. हे मला आत्यानं सांगितलं नाही, मी दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आत्या चुलीकडे तोंड करून बसली होती.

मी जाताना दोन कादंबऱ्या नेल्या होत्या. परत निघायच्या दिवशी नदीवर धुणं धुताना तिला विचारलं, कशा वाटल्या. एका कादंबरीत राजपुत्राला सावत्र आई विष घालते, असं होतं.

"कालवलं असेलही तिनं विष," आत्या म्हणाली. धुणं आपटायचं थांबवून ती पाण्याकडे पाहत राहिली. "पण सगळ्या कादंबऱ्यांत सावत्र आई एवढं एकच काम करते गं. बाकीचे दिवस तिच्या हातचं कुणी जेवत नसेल का? ताप आला तर ती उशाशी बसत नसेल? तेवढे दिवस कुठे जातात?"

"तू यशोदाला सांगत का नाहीस? तिच्या आईशी तुझं कसं होतं ते. दवाखान्यातलं सगळं."

"सांगितलं. ती म्हणाली, आई आजारी होती, तिला काय कळत होतं."

पुढच्या वर्षापासून ती पुस्तकं नको म्हणायला लागली. डोळे दुखतात, असं कारण द्यायची.

यशोदा हुशार निघाली. दहावीला गेली. तेव्हा गोरक्षनं चांदोरीचं एक स्थळ नक्की केलं. सात वर्षांत आत्यानं त्या घरात आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. पोरगी मॅट्रिक झाल्याशिवाय लग्न होणार नाही, तिच्या आईला मी शब्द दिलाय, असं तिनं गोरक्षला आणि पाहुण्यांना ओसरीवर उभं राहून सांगितलं. गोरक्ष कदाचित मानलाही असता. पण आतून यशोदा आली.

"तुम्ही नका मध्ये पडू," ती आत्याला म्हणाली. "मला जायचंय इथून. लवकर."

लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. कन्यादानाला आईच्या पाटावर गोरक्षची निफाडची बहीण बसली. आत्या कोठीच्या खोलीत होती, वाढप्यांना लाडू मोजून देत. पाठवणीच्या वेळी यशोदा सगळ्यांच्या पाया पडली, तशीच आत्याच्याही पडली. आत्यानं तिला उठवायला हात पुढे केले तोवर ती पुढच्या बाईकडे गेली होती.

मांडव उतरल्यावर आत्या वडिलांना म्हणाली, "चल, मी येते." गोरक्षनं थांब म्हटलं नाही.

तोवर वडिलांनी इंदिरानगरमध्ये सोसायटीतून छोटं घर बांधलं होतं. पुढच्या खोलीत खिडकीशी आत्याचं मशीन मांडलं. माझं लग्न झालं होतं, पण मी नाशिकमध्येच होते, येऊन-जाऊन असायची. तिला बरं वाटावं म्हणून मी पुन्हा कादंबऱ्या आणायला लागले. ती चाळायची आणि ठेवून द्यायची. एकदा म्हणाली, "आता मला आधीच कळतं, कुणाला महालात ठेवून देणार आहेत ते. मग वाचवत नाही."

शहाऐंशी साली कळलं की यशोदाला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण, म्हणजे ती माहेरी येणार. सायखेड्याच्या घरात बाई माणूस नव्हतं. आत्यानं मनाशी धरलं की ती नाशिकला येईल, इथे दवाखाना जवळ आहे. तिनं वडिलांकरवी निरोप धाडला. आतली खोली रिकामी केली, नवी गादी भरून घेतली. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली. एक झबलं आणि टोपडं शिवलं, पांढऱ्या मलमलीचं, कडेला बारीक निळी नक्षी. चष्मा लावूनही टाका दिसायचा नाही, मग उन्हात जाऊन बसायची.

सातवा महिना गेला, आठवा गेला. मग कळलं, यशोदा बाळंतपणाला निफाडला तिच्या आत्याकडे, गोरक्षच्या बहिणीकडे गेली आहे.

आमच्या आत्यानं डिंकाचे लाडू वळले, स्टीलच्या डब्यात भरले आणि वडिलांना निफाडच्या एसटीत बसवून दिलं. वडील संध्याकाळी परत आले. यशोदा आदल्याच दिवशी मोकळी झाली होती. वडिलांना ओसरीवर चहा दिला, बाळंतिणीला भेटता आलं नाही, मुलगा की मुलगी तेही कुणी सांगितलं नाही. डबा आत गेला आणि तासाभरानं बाहेर आला.

आत्यानं झाकण काढलं. आत बर्फी होती. म्हणजे मुलगी झाली.

"कोणी भरला रे डबा?" तिनं विचारलं.

"काय माहीत, अक्का. आतून भरून आला."

"यशोदानं सांगितलं असेल का भरायला?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "असेल," ते म्हणाले.

आत्यानं एक वडी देवापुढे ठेवली. मग पदर डोक्यावर घेऊन सोसायटीतल्या घरोघरी गेली, सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. "मला नात झाली," म्हणाली. शेजारच्या नवसाबाईंनी विचारलं, "बारशाला कधी निघणार?" तर म्हणाली, "बोलावतील की."

बारसं झालं. बोलावणं आलं नाही. मुलीचं नाव काय ठेवलं, तेही आम्हाला बऱ्याच दिवसांनी सायखेड्याच्या एका माणसाकडून कळलं.

पुढच्या वर्षी मला मुलगा झाला. मी माहेरीच होते. बाळाला अंघोळ घालून आत्या त्याला दुपट्यात गुंडाळत होती, तेव्हा मला कपाटातलं ते मलमलीचं झबलं आठवलं. म्हटलं, आत्या, ते घाल ना त्याला, वर्षभर तसंच पडलंय.

तिनं बाळाच्या कपाळाला तीट लावली. मग म्हणाली, "नको गं. ते एकीच्या नावाचं आहे. याला मी दुसरं शिवते." आणि दुपारी तिनं मशीनवर नवं कापड धरलं.